नगावरची रात्र

पेण तालुक्यात वर्ष गणेशचतुर्थीपासून मागे मोजतात. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस असली की मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांचे टेम्पो जुलैतच दाराशी लागायला हवेत. त्याआधी डोळ्यांची आखणी, त्याआधी सोनेरी काम, त्याआधी अंगाचा रंग, त्याआधी पांढरा हात, आणि त्याही आधी साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती घासूनपुसून तयार. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि चतुर्थी १४ सप्टेंबरवर गेली. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत त्या अधिक महिन्याचं स्वागत जेवढ्या मनापासून झालं असेल, तेवढं जावयांनीही केलं नसेल.

कारण आदल्या वर्षीचा हंगाम भलताच आवळला होता. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्तींवरच्या बंदीची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित सूचना कागदावर होत्याच, त्यांना आता धार आली. पुढचे चार महिने माल भरावा की नाही, कर्ज उचलावं की नाही, याच घोळात गेले. ९ जूनला न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. मधले दिवस एकोणऐंशी, त्यात आषाढ आणि श्रावण पुरेपूर.

दिवस कमी पडले की कारखानदाराच्या हाती दोन उपाय असतात. माणसं वाढवायची, नाहीतर रात्र धरायची. कारखान्यात हे दोन्ही दिसून येतं, कारण तिथे दिवे लागलेले असतात आणि येणारीजाणारी माणसं असतात. काम घरोघर दिलं की दोन्ही गोष्टी एकदम होतात आणि दिसत एकही नाही. या लेखाचा विषय ती न दिसणारी रात्र आहे. तिचे जादा पैसे कुणी कुणाला द्यायचे, आणि देशातला कुठलाही कायदा ते द्यायला लावतो का, एवढाच प्रश्न घेऊन मी या पट्ट्यात हिंडलो.

पेणची मूर्ती म्हटलं की देवधरांसारख्या जुन्या घराण्यांची नावं निघतात आणि ते योग्यच आहे. पण आज जो माल देशभर आणि न्हावाशेव्याच्या बंदरातून परदेशी जातो, त्याचा मोठा भाग हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत तयार होतो. आणि हे काम पत्र्याच्या शेडखाली चालतं तसंच ओटीवर आणि पडवीतही चालतं. टेम्पो येतो, कच्च्या मूर्ती उतरवतो, रंगाचे डबे आणि खड्यांची पाकिटं ठेवतो आणि ‘अमुक वारी न्यायला येतो’ म्हणून निघून जातो. एकीकडे नुसता पांढरा हात द्यायचा असतो, दुसरीकडे पितांबर आणि शेला, तिसरीकडे मुकुटाला खडे चिकटवायचे. आखणी सहसा घरी जात नाही. ते मुरलेल्या हाताचं काम, त्याचा भाव वेगळा, त्या कारागिराचा मानही वेगळा. बाकी सगळं नगावर. इतके नग, इतके रुपये. तासांचा विषय त्या व्यवहारात निघतच नाही.

पावसाळ्यात हवेत ओल इतकी की पहिला हात वाळायलाच वेळ लागतो. पंखे लावायचे, हॅलोजनचा दिवा लावायचा, वीज गेली तर नुसतं बसून राहायचं. रंग वाळण्याची वाट पाहत बाई मध्यरात्रीपर्यंत जागी असते. पण त्या वेळात नग पुढे सरकलेला नसतो, म्हणून त्या वेळाला किंमत नाही. एकीला मी विचारलं, रात्री किती वाजेपर्यंत बसता? ती हसली. “रातचं कोन मोजतंय? गनपती मोजलं की झालं.” शेजारी तिची सासू खडे निवडत होती, शाळेतून आलेली मुलगी ब्रश धूत होती. मजुरी एकीच्या नावावर, हात मात्र तिघींचे. बालकामगार कायद्यात २०१६ ला जी दुरुस्ती झाली तिने शाळा सुटल्यावर मुलांनी घरच्या उद्योगाला हातभार लावायला परवानगी दिली आहे. पण घरचा उद्योग म्हणजे घराच्या मालकीचा उद्योग. दुसऱ्याचा माल आपल्या पडवीत उतरला म्हणून तो आपला होतो का, हे तपासायला पडवीपर्यंत कुणी येत नाही.

हे फक्त मूर्तींचं नाही. पेणच्या पापडांचं तेच, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विणण्याचं तेच. प्रत्येक कामाचा हंगाम छोटा आणि प्रत्येक हंगामात रात्र मोठी. लिज्जतच्या भगिनींचं उदाहरण लोक लगेच तोंडावर फेकतात, म्हणून ते इथेच बाजूला ठेवतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या संस्थेत पापड लाटणारी बाई सभासद असते, नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. तिथे मालक आणि मजूर हा भेदच काढून टाकला आहे. टेम्पोची वाट पाहणाऱ्या बाईजवळ तो वाटा नाही.

*

जादा कामाला दुप्पट दाम ही कल्पना उदारपणातून आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुट्टीसाठी जी झुंज दिली, तिला १८९० मध्ये रविवारच्या रूपाने यश आलं. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा कारखाने कायद्यात १९४६ च्या दुरुस्तीने आली, तेव्हा केंद्रात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. मग १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ ने मर्यादेपलीकडच्या प्रत्येक तासाला दुप्पट वेतन लावलं. ही दुप्पट म्हणजे मजुराला बक्षीस नव्हे. मालकाला रात्र महाग पडावी, म्हणजे तो दिवसाची आखणी नीट करील, असा तो हिशेब आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर सगळी चर्चा ‘गरिबांना चार पैसे जास्त’ एवढ्यावर घसरते.

त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्यात घरी काम करणाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट होता. दुसऱ्याने दिलेला माल आपल्या घरी किंवा मालकाच्या ताब्यात नसलेल्या जागेत तयार करून, धुऊन, सजवून देणारा माणूसही कर्मचारीच, असं त्या कायद्याची व्याख्या सांगत होती. १९४८ साली, फाळणीच्या धगीत, हे वाक्य लिहिणाऱ्याला मी मनातून नमस्कार करतो. पण त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये मेख होती. जादा कामाचा दर कुणाला? ज्याचं किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा त्याहून मोठ्या मुदतीवर ठरलेलं आहे, त्याला. नगावर काम करणारा त्या ओळीत बसत नाही. शिवाय कायदा अनुसूचीत नाव असलेल्या रोजगारांपुरताच होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा १९४८ चा कायदा वेतन संहितेत विरघळला. संहितेने अनुसूचीची अट काढली. किमान वेतन आता सगळ्याच रोजगारांना. हा मोठा फायदा आहे, आणि संहितांवर सरसकट तुटून पडणाऱ्यांनी तो मान्य करायला हवा. मात्र कर्मचाऱ्याची व्याख्या नव्याने लिहिताना घरी माल नेणाऱ्याचा तो जुना उल्लेख गळला. आणि कलम १४ ची मेख क्रमांकासकट तशीच राहिली.

सामाजिक सुरक्षा संहितेत उलट चित्र आहे. तिथे गृहाधारित कामगाराची स्वतंत्र व्याख्या आहे आणि ती चांगली आहे. मालकासाठी, आपल्या घरी किंवा आपल्या पसंतीच्या जागेत, मोबदल्यासाठी वस्तू किंवा सेवा तयार करणारा. साहित्य मालकाने पुरवलेलं असो वा नसो. हमरापूरची बाई या व्याख्येत चपखल बसते. पण ती संहिता योजना देते, विमा देते, नोंदणी क्रमांक देते. मजुरीचा दर देत नाही. म्हणजे जिथे पैशाचा प्रश्न आहे त्या कायद्यातून ती गेली, आणि जिथे कार्ड मिळतं त्या कायद्यात आली. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. परिणाम मात्र ठरवून केल्यासारखाच झाला आहे.

*

नगावर किंवा घरी बसून काम करणारा हा कामगार की नाही, या वादाची खरी लढाई महाराष्ट्रात लढली गेली ती विडीवर. रायगडच्या किनाऱ्यावर विडी नाही, पण इथल्या बाईचा खटला उद्या कुणी चालवला तर वकिलाला हाताशी धरायला लागतील ते विडीचेच निकाल.

१९६० साली नागपूरच्या एका प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. कारखान्यात येऊन नगावर विड्या वळणारे कामगार. कधीही यावं, कधीही जावं. मग ते कामगार कसले, ते स्वतंत्र कारागीर, असा मालक बिरधीचंद शर्मा यांचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. येण्याजाण्याची मोकळीक असली तरी कामावर नियंत्रण मालकाचंच, कारण नमुन्याबरहुकूम नसलेली विडी तो नाकारू शकतो. पुढच्याच वर्षी शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने नेमकं उलटं ठरवलं: त्या कामगाराला ठराविक वेळ नव्हती, देखरेख नव्हती, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवलं. दोन वर्षांत दोन निकाल, आणि दोहोंचा आस एकच: माणसाचा वेळ कुणाच्या ताब्यात आहे?

१९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा वेगळा कायदा आला आणि त्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कर्मचारी म्हटलं. मालकांनी कायद्याला आव्हान दिलं. १९७४ मध्ये मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात तो टिकला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात घरखातेदार विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू असल्याचं ठरलं. तिथला युक्तिवाद मला फार आवडतो. बाई घरी बसते, तिच्यावर मुकादम उभा नसतो, हे खरं. पण संध्याकाळी ती सूप घेऊन कारखान्यात जाते, तिथे विडी तपासली जाते, वाईट निघाली तर छाटली जाते. ती छाट हेच नियंत्रण. नियमांनी पुढे छाटीवरही शेकड्याची मर्यादा घातली, कारण छाटीच्या नावाखाली मालक फुकट विड्या ठेवून घेत.

आता पेणमध्ये या. टेम्पोवाला मूर्ती उचलताना प्रत्येक नग उजेडात धरतो. शेल्याचा रंग पितांबरात उतरला, खडा वाकडा लागला, की तो नग बाजूला. दुरुस्ती बाईनेच करायची, पुन्हा पैसे नाहीत. पी. एम. पटेलच्या कसोटीने हे नियंत्रण नाही तर काय?

पण विडीच्या बाईनेही एक गोष्ट कधीच मिळवली नाही, आणि ती नेमकी आपल्या विषयाची आहे. १९६६ च्या कायद्यातली कामाच्या तासांची आणि दुप्पट वेतनाची कलमं औद्योगिक जागेपुरती होती, आणि औद्योगिक जागेच्या व्याख्येतून राहतं घर शब्दाने वगळलं होतं. निधी मिळाला, ओळख मिळाली, संघटना मिळाली, जादा कामाचा दाम तेवढा उंबऱ्याबाहेर राहिला. ज्या क्षेत्रात साठ वर्षं लाल बावटा खाली ठेवला गेला नाही, तिथे ही गत. मग जिथे संघटनाच नाही तिथलं काय बोलावं?

*

आता दुसऱ्या घराकडे. अलिबाग तालुक्यातलं, किहीम-आवास-सासवण्याच्या बाजूचं, वायफाय असलेलं.

भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा १५ मार्च २०२० ला सुरू झाली आणि दहा दिवसांच्या आत देश बंद झाला. मुंबईत नोकरीला असलेली इथली पोरं लॅपटॉप घेऊन गावी परतली. ज्यांची इथे दुसरी घरं होती ते मुंबईकरही येऊन राहिले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत विजेचे खांब आडवे झाले, सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांत दिव्याविना आठवडे गेले. त्या काळात रेंज शोधत फिरून काम देणाऱ्यांना मी भेटलो आहे. एकाने सांगितलं, छत उडालं त्या दिवसाची रजा मांडावी लागली, आणि पुढच्या आठवड्यात राहिलेलं काम भरून काढताना रोज रात्रीचे दोन वाजले, ते कुठेच मांडले गेले नाहीत. कंपनीचं नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सरकारने त्या वर्षी एक काम चपळाईने केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांचे नियम सैल केले आणि घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला त्या कॉल सेंटरचाच दूरस्थ प्रतिनिधी मानलं. तारेपुरतं घर हे कार्यालय झालं. पगारापुरतं झालं का? त्याबद्दल त्या कागदात काही असण्याचं कारण नव्हतं. ३१ डिसेंबरला सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा जो मसुदा निघाला त्यात घरून कामाचा उल्लेख आला, तो एवढाच की मालकाला नेमणुकीच्या अटींनुसार तशी मुभा देता येईल.

महाराष्ट्रात अशा नोकरदाराला लागू होतो तो २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. २०२५ पर्यंत त्यात होतं ते असं: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, वर काम झालं तर दुप्पट वेतन, आणि तेही तिमाहीत १२५ तासांपर्यंतच. माझ्या वाचनात हा कायदा कामगार कुठल्या खुर्चीत बसतो हे विचारत नाही. आस्थापनेने त्याला कामावर ठेवलं आहे का, एवढंच विचारतो. तेव्हा किहीमच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचा दहावा तास हा वरळीतल्या दहाव्या तासाइतकाच दुप्पट होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा, तिमाहीची मर्यादा १२५ वरून १४४, आणि कायदा लागू होण्याची कामगारसंख्या दहावरून वीस करायला मान्यता दिली. दहावा तास गेला. आणि या किनाऱ्यावर वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापना किती, ते मोजायला फार बोटं लागणार नाहीत.

शिवाय व्यवस्थापकीय किंवा देखरेखीचं काम करणारा या कायद्याबाहेर. म्हणून तेविसाव्या वर्षीच पोराला असिस्टंट मॅनेजर करतात, ज्याच्या हाताखाली त्याचा स्वतःचा लॅपटॉप सोडून कुणी नसतं. न्यायालयं पदनामावर न जाता प्रत्यक्ष काम पाहतात, हे अनेक निकालांत ठरलेलं आहे. पण न्यायालयात जाणार कोण? नोकरी सोडल्यावर अनुभवपत्र लागतं.

सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस, आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. फ्रान्सने असा कायदा २०१७ पासून लागू केला आहे, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. मला त्या विधेयकाबद्दल आदर आहे, तरी एक शंका आहे. फोन न उचलण्याचा हक्क ज्याची नोकरी पक्की त्यालाच वापरता येतो. मोजणीचा हक्क त्याहून उपयोगी. १४ मे २०१९ ला युरोपीय न्यायालयाने स्पेनमधल्या एका कामगार संघटनेच्या आणि डॉइश बँकेच्या खटल्यात सांगितलं की रोजचे कामाचे तास मोजण्याची यंत्रणा मालकाने उभी केलीच पाहिजे. तास मोजलेच नाहीत तर मर्यादेला आणि जादा दामाला काही अर्थ उरत नाही. आपल्याकडे गंमत अशी की मोजणी होतेच. लॉग-इन कधी झालं, माउस किती मिनिटं हलला नाही, कितव्या सेकंदाला फोन उचलला, सगळं नोंदलं जातं. ते कामचुकारपणा पकडायला वापरतात. पगारपत्रकाशी त्या आकड्यांची ओळख करून दिलेली नाही.

*

लॅपटॉपवाल्याचे तास कुठेतरी निदान नोंदलेले आहेत. ब्रशवालीचं काय? तिच्या पडवीत यंत्र बसवावं असं कुणी सुचवणार नाही, आणि बसवलं तर ती ते बाहेर फेकून देईल. तिला घर हवं आहे ते याचसाठी की अधूनमधून भात टाकता येतो, म्हाताऱ्याला औषध देता येतं. तास मोजता येत नाहीत, म्हणून जादा दाम देता येत नाही, इथे चर्चा संपते असं सगळे धरून चालतात.

जगात ती संपलेली नाही. जर्मनीच्या १९५१ च्या गृहकाम कायद्यात प्रत्येक घरगुती कामगाराला मजुरीचं पुस्तक द्यावं लागतं, आणि नगाचा दर शक्यतो त्या नगाला लागणाऱ्या वेळेवर ठरवावा लागतो. जपानने १९७० मध्ये अशीच वही सक्तीची केली: काय दिलं, कधी दिलं, कधी परत हवं, किती पैसे. ब्रिटनमध्ये २००४-०५ पासूनचा नियम सगळ्यांत सोपा आहे. मालकाने काही कामगारांची चाचणी घ्यायची, तासाला सरासरी किती नग होतात ते काढायचं, त्याला १.२ ने भागायचं, म्हणजे हळू हाताच्या माणसावर अन्याय होत नाही. तासाच्या किमान वेतनाला त्या आकड्याने भागलं की नगाचा दर निघतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा गृहकामाचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ चा. इला भटांच्या सेवा संस्थेने त्यासाठी जिनिव्हापर्यंत धडपड केली. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

ब्रिटनचं सूत्र मी कागदावर पेणला लावून पाहिलं. आकडे मानलेले आहेत, बाजारातले नव्हेत. समजा पांढऱ्या हाताचे तासाला सरासरी बारा नग होतात. १.२ ने भागले, दहा. तासाचं किमान वेतन साठ रुपये धरलं तर नगाला सहा रुपये. आता टेम्पोवाला सातशे मूर्ती ठेवतो आणि ‘सात दिवसांनी नेतो’ म्हणतो. सातशे नग म्हणजे सत्तर तास. आठवड्याचे ४८ वजा केले, उरले बावीस. मजुरी ४,२००, त्यावर बावीस तासांची दुसरी पट १,३२० रुपये. एकूण ५,५२०. बाई किती वाजेपर्यंत जागली, मध्ये भात टाकला की नाही, सासूने खडे निवडले की नाही, काही विचारावं लागलं नाही. नग आणि मुदत, या दोन गोष्टी टेम्पोवाल्यानेच ठरवलेल्या होत्या. तिचं घड्याळ त्याच्याच तोंडून आलेलं होतं.

म्हणून घरी तास मोजता येत नाहीत हे मला पटत नाही. मुदत देणारा तास देत असतो. कायद्याला त्यासाठी एका वहीची गरज आहे, आणि वहीत तीन रकान्यांची: नग, नेण्याची तारीख, दर. वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी सहा महिन्यांची होती. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. संहितेने कर्मचारी म्हणून शासनाला कुणालाही घोषित करता येईल अशीही जागा ठेवली आहे. गळलेला उल्लेख त्या जागेतून परत आणता येतो. त्याला संसदेत जावं लागत नाही.

हिशेब मागण्याची या मातीला सवय नाही असं म्हणता येणार नाही. अलिबागपासून जवळच चरी गाव आहे. तिथे २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं, आणि आसपासची पंचवीस गावं सहा वर्षं, १९३९ पर्यंत, त्या संपात उभी राहिली. भाताचं उत्पन्न कुणी किती न्यायचं, हाच मुद्दा होता. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे हा किनारा होता. ‘कृषीवल’ही त्याच साली सुरू झाला. फरक इतकाच की कुळं एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहत होती. रंगकाम करणाऱ्या बायका एकाच आळीत राहूनही एकमेकींचा दर विचारत नाहीत. पुढच्या हंगामात टेम्पो आपल्या दाराऐवजी शेजारच्या दारात थांबेल, ही भीती.

कारखानदारांची बाजू लिहिल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. पेणचा कारखानदार कुणी गिरणीमालक नव्हे. तोही बँकेचं कर्ज काढतो, तोही जुलैत झोपत नाही, अनेकांच्या घरच्या बायका त्याच मूर्ती रंगवतात. त्याला दर देतो तो मुंबईचा व्यापारी, आणि व्यापारी ऑर्डर उशिरा पक्की करतो, कारण आधी पक्की केली तर पैसे अडकतात. उशीर वरून खाली येतो आणि शेवटी पडवीत येऊन थांबतो, तिथे तो फुकट पचतो.

हमरापूरच्या एका कारखानदारापुढे मी तो सातशे मूर्तींचा हिशेब ठेवला. त्याने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, कॅल्क्युलेटरवर बावीस गुणिले साठ करून पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “एवढं द्यायचं म्हटलं तर मला परवडनार नाय.” मग जरा थांबून, “आनि मग सात दिवसांत सातशे कोन मागेल? पंधरा दिवस देईन. त्या मुंबईवाल्याला सांगेन, पाडव्याला ऑर्डर दे, नायतर तेराशे वीस तुझ्या बिलात लावतो.”

कागद त्याने घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. बाहेर ट्रकमध्ये पेंढा भरणं चालू होतं.